चांगली चाललेली लाईन बंद कशाला करता?

टॉवरवासी (धागाकर्ता)

मंडळी,

मागच्या आठवड्यात ‘वीज स्वस्त का होत नाही’ या धाग्यावर दीडशे प्रतिसाद पडले. कोळसा झाला, सौर झाली, अणू झाला, वीजचोरीवर तर हमरीतुमरी झाली. मधल्या भागावर, वीजकेंद्राच्या कुंपणापासून वस्तीबाहेरच्या सबस्टेशनपर्यंतच्या पारेषणावर, अख्ख्या धाग्यात दोन वाक्यं होती. त्यातलं एक ‘तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक का बसत नाही’ हे. माझी २६ वर्षं या मधल्या भागात गेली, म्हणून हा वेगळा धागा.

एक प्रसंग सांगतो. २२० केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट, विजेचा दाब मोजायचं माप) दुहेरी लाईन, एकाच टॉवरच्या दोन बाजूंना दोन सर्किटं. रात्री थर्मल कॅमेरा घेऊन फिरत होतो. (रात्री का? उन्हाने तापलेला क्लॅम्प आणि आतून तापलेला क्लॅम्प दिवसा सारखेच दिसतात.) एका कोपऱ्यावरच्या टॉवरवर तार इन्सुलेटरशी येऊन संपते आणि पुढच्या तारेला एका लोंबत्या तुकड्याने जोडलेली असते, त्याला आम्ही जंपर म्हणतो. त्या जंपरचा क्लॅम्प (तारेला आवळून धरणारा बोल्टचा जोड) पडद्यावर पांढराफेक. शेजारच्या दोन फेजचे (सर्किटाच्या तीन तारांपैकी बाकीच्या दोन) क्लॅम्प ३८ अंशांवर, हा ११० वर. आणि लाईनवर लोड होता निम्मा. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे लोड दुप्पट झाला की उष्णता चौपट. ॲल्युमिनियम शंभर अंशांच्या वर बराच काळ राहिलं की मऊ पडायला लागतं. पुढचं गणित तुम्ही करा.

दुसऱ्या दिवशी शटडाऊन, म्हणजे कामासाठी लाईन बंद, मागितला. उत्तर आलं, “चांगली चाललेली लाईन बंद कशाला करता?” तीनदा मागितला, तीनदा नकार. एकदा लोड जास्त, एकदा दुसऱ्या लाईनवर काम, एकदा नुसतंच ‘पुढच्या आठवड्यात बघू’. चौथ्यांदा लाईन मिळाली, रात्री २ ते पहाटे ६.

त्या चार तासांतला पहिला दीड तास लाईन खरंच मेली आहे याची खात्री करण्यात जातो. दोन्ही टोकांचे ब्रेकर (मोठे स्विच) उघडायचे, आयसोलेटर (डोळ्यांना दिसेल अशी फट पाडणारे) उघडायचे, तार जमिनीला जोडणारे अर्थ स्विच लावायचे, कुलपं घालायची, परमिटवर सह्या. एवढं करूनही टॉवरवर चढल्यावर कामाच्या दोन्ही बाजूंना आपली अर्थिंगची तार लावायचीच. शेजारचं सर्किट चालू असतं, आणि ते या मेलेल्या तारेत इंडक्शनने माणूस मारण्याइतका दाब आणतं. क्लॅम्पला पाना लावला तर चार बोल्टांपैकी दोन बोटांनी फिरले. आतला पृष्ठभाग काळाठिक्कर, खडबडीत. तो तारेच्या ब्रशने घासायचा, तोही ग्रीस लावून ग्रीसच्या खालीच, कारण उघड्या हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात परत चढतो. नवा क्लॅम्प, टॉर्क रेंचने मोजून आवळलेले बोल्ट, मग खाली. ५:४० ला लाईन चार्ज, म्हणजे परत चालू. पुढच्या फेरीत तोच क्लॅम्प ३९ अंश.

याची फीत कापायला कुणी येत नाही. नवी लाईन झाली की मांडव पडतो, भाषणं होतात. जुनी लाईन अजून वीस वर्षं चालेल अशी करून ठेवली तर कुणाला पत्ताही लागत नाही. माझं म्हणणं असं की पारेषणात यंत्रांचा किंवा अकलेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो चार तास लाईन हातात मिळण्याचा. तो सुटल्याशिवाय ‘आधुनिकीकरण’ हा शब्द उच्चारू नये असं माझं मत. खुशाल खोडून काढा.

—

रानवारा

वाचतेय, छान लिहिलंय. पण काका, याचा वीज स्वस्त होण्याशी काय संबंध? भरवशाशी आहे हे कळलं.

—

टॉवरवासी

रानवारा, सोपं करून सांगतो. एका टोकाला वाऱ्याची स्वस्त वीज आहे, दुसऱ्या टोकाला शहर. वाऱ्याकडे ८०० मेगावॉट तयार, पण मधली लाईन ५०० च नेऊ शकते. मग ३०० मेगावॉटच्या पवनचक्क्यांना ‘थांबा’ सांगायचं आणि शहराजवळचं महाग इंधनाचं केंद्र पेटवायचं. बिलात ‘लाईन तोकडी पडली’ असा रकाना कधीच नसतो. तो खर्च महागड्या विजेच्या पोटात लपलेला असतो.

दुसरं म्हणजे गळती. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गात वाढते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेसाठी करंट निम्मा आणि गळती एक चतुर्थांश. १३२ वरून २२०, तिथून ४००, तिथून ७६५ केव्ही ही चढण उगाच झालेली नाही.

—

शंकेखोर

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. कुठल्याही ग्रिडचा (एकमेकांना जोडलेल्या लाईनच्या जाळ्याचा) पहिला नियम ‘एन उणे एक’. कुठलंही एक सर्किट गेलं तरी बाकीच्यांनी भार पेलला पाहिजे. तसं असेल तर एक लाईन चार तास बंद ठेवायला एवढी रडारड का? की नियम फक्त कागदावर?

—

टॉवरवासी

@शंकेखोर, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. नियम एक सर्किट ‘अचानक’ जाण्यासाठी आहे. मी एक बंद केलं की तो उणे एक मी खाऊन टाकला. आता उरलेल्यांतलं एक गेलं तर? म्हणून नियंत्रण कक्षातला माणूस नाही म्हणतो. तो दुष्ट नसतो. काही झालं तर दुसऱ्या दिवशी चौकशीला त्याला उभं राहायचं असतं, मला नाही.

—

झोन३

टॉवरवासींच्या बोलण्याला एक खरं उदाहरण जोडतो. ३० जुलै २०१२, रात्रीचे २:३३. बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन ट्रिप झाली (आपोआप बंद पडली) आणि भारताची सगळी उत्तर ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता पुन्हा तीच लाईन, आणि या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. ६० कोटींहून जास्त लोक राहतात तेवढा प्रदेश अंधारात. बातम्यांत ‘राज्यांनी जास्त वीज ओढली’ एवढंच आलं. ते खरं आहे, पण अर्धं.

त्याच मार्गावरचं दुसरं सर्किट तेव्हा बंद होतं, आणि बंद होतं ते ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी! आधुनिकीकरण चालू असतानाच ग्रिड सगळ्यात अशक्त असते.

दुसरी गंमत रिलेची, म्हणजे बिघाड ओळखून लाईन तोडायला सांगणाऱ्या उपकरणाची. लाईनवर त्या क्षणी दोष नव्हताच. डिस्टन्स रिले दाबाला करंटने भागून ‘बिघाड किती लांब आहे’ याचा अंदाज घेतो. भार वाढला, करंट चढला, दाब उतरला, की भागाकार लहान येतो आणि रिलेला वाटतं लांब कुठेतरी शॉर्टसर्किट झालंय. तिसऱ्या झोनमध्ये (रिलेच्या पहाऱ्याच्या सगळ्यात लांबच्या टप्प्यात) हा घोळ हमखास होतो (माझं नाव तिथूनच). रिलेने त्याच्या बुद्धीप्रमाणे बरोबर काम केलं, पण ज्या लाईनची सगळ्यात जास्त गरज होती तीच सोडून दिली.

तेव्हा आधुनिकीकरण म्हणजे जुना चकतीचा रिले काढून न्यूमेरिकल (संगणकी) रिले लावणं एवढंच नाही. नव्या डब्यात जुन्याच सेटिंग उतरवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. डबा नवा, बुद्धी तीच.

—

शंकेखोर

७६५ च्या कामाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. मग यातून ‘देखभालीसाठी लाईन बंदच करू नका’ असा निष्कर्ष कुणी काढला तर?

—

झोन३

काढतात की! पण तेव्हा एकाच वेळी अनेक लाईन बंद होत्या. उपाय म्हणजे कुठली कधी बंद ठेवायची याचं वर्षभराचं वेळापत्रक सगळ्यांनी मिळून करणं आणि मग ते पाळणं. करायला सोपं, पाळायला अवघड.

—

बांधावरची

मी या विषयातली नाही. आमच्या जमिनीवरून लाईन जाते. दर दोन वर्षांनी माणसं येतात, झाडं छाटतात, छाटतात कसली, बोडकी करतात. तार झाडापासून पुरुष-दोन पुरुष वर असते. विचारलं तर ‘वरून ऑर्डर आहे’. जरा माणसासारखं समजावून सांगायला काय जातं?

—

टॉवरवासी

ताई, समजावून सांगायला हवं हे शंभर टक्के मान्य. आमच्या लोकांचं तिथे चुकतंच.

कारण असं. आज तुम्ही तार बघता ती सकाळची, थंड. दुपारी भार वाढला, ऊन वाढलं की धातू प्रसरण पावतो आणि दोन टॉवरांमधला झोळ काही फूट खाली येतो. वाऱ्याने ती बाजूलाही झुलते. आणि एवढ्या दाबाला झाडाला तार चिकटावी लागतच नाही, हवेतूनच ठिणगी उडी मारते.

१४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, त्याची सुरुवात ओहायोतल्या झाडांपासून. ३४५ केव्हीच्या तीन लाईन पाऊण तासाच्या आत एकामागून एक झाडांना लागून गेल्या. पहिली गेली तेव्हा तिच्यावर भार क्षमतेच्या ४४ टक्केच होता. तार फार खाली आली नव्हती, झाड फार वर गेलं होतं. एक गेल्यावर तिचा भार दुसरीवर, ती ८८ टक्क्यांवर गेली, मग तिसरी ९३ वर. त्यात नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली बंद पडलेली, आणि ती बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

—

बांधावरची

आता कळलं. हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर मी स्वतः कोयता आणून दिला असता.

—

तेलकट

सगळे तारांवरच लटकलेत. ट्रान्सफॉर्मरकडे कोण बघणार? :)

माझं खातं तेलाचं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं वय त्याच्या पाटीवरच्या सालाने नाही, आतल्या कागदाने मोजायचं. तांब्याच्या वेढ्यांवर कागद गुंडाळलेला असतो. उष्णता, ओलावा आणि ऑक्सिजन त्याला हळूहळू कुजवतात. तेल बदलता येतं, गाळता येतं, पण कागद परत तरुण होत नाही. तो ठिसूळ झाला की ट्रान्सफॉर्मर एका मोठ्या झटक्याची वाट बघत बसलेला असतो.

आम्ही वर्षातून एकदा-दोनदा काचेच्या सिरिंजमध्ये तेल काढतो आणि त्यात विरघळलेले वायू तपासतो. ॲसिटिलीन दिसला तर आत ठिणगी पडतेय. इथिलीन दिसला तर काहीतरी फार तापतंय. हायड्रोजन एकटाच वाढला तर बारीक डिस्चार्ज. कार्बन मोनॉक्साइड चढला तर कागद जळतोय. डॉक्टर रक्त तपासतो तसंच हे. आणि एकच अहवाल कामाचा नसतो, दहा वर्षांचे ओळीने लावले की चित्र दिसतं.

त्याहून स्वस्त तपासणी म्हणजे ब्रीदर. ट्रान्सफॉर्मर तापला-निवला की श्वास घेतो, ती हवा सिलिका जेलच्या काचेच्या भांड्यातून आत जाते. कोरडं जेल निळं, ओलं झालं की गुलाबी. (हल्लीचं नारिंगीचं हिरवं होतं, कारण निळ्यातलं कोबाल्ट क्लोराइड विषारी.) एका ठिकाणी पाहणीला गेलो होतो. अवाढव्य ट्रान्सफॉर्मर, ऑनलाईन मॉनिटरिंगची महागडी पेटी लावलेली, आणि ब्रीदर फिकट गुलाबी. विचारलं तर म्हणाले, “सर, आमच्याकडे हाच रंग असतो.”

हसू नका. मार्च २०२५ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थ हाइड सबस्टेशनला आग लागली आणि हीथ्रो विमानतळ दिवसभर बंद पडला. चौकशीत निघालं की ट्रान्सफॉर्मरच्या एका बुशिंगमधल्या (तार टाकीतून बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरमधल्या) तेलात ओलावा वाढलेला असल्याचं २०१८ च्या नमुन्यातच दिसलं होतं. नमुना घेतला होता, तपासला होता, आकडा लिहिला होता. पुढे काही केलं नाही.

—

रानवारा

“आमच्याकडे हाच रंग असतो” :) :) वाचनखूण साठवली आहे.

—

गच्चीवरचा

एवढ्या भानगडीपेक्षा सगळ्या तारा जमिनीखाली का नाही घालत? वादळ नाही, झाड नाही, पक्षी नाही.

—

टॉवरवासी

थोडक्यात: जमिनीखालची एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेची) केबल एखाद्या लांबलचक कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज भरून ठेवणाऱ्या भांड्यासारखी, वागते. अंतर वाढलं की तिची बरीचशी क्षमता स्वतःलाच भरण्यात खर्च होते. खर्च कित्येक पट. आणि वरच्या तारेचा बिघाड दुर्बिणीने दिसतो, खालच्याचा शोधून, खणून, सांधून दुरुस्त करायला आठवडे जातात. दाट शहरात दुसरा इलाज नाही, तिथे घालतातच.

—

हिशोबनीस

तुम्ही सगळे इंजिनियर मंडळी पैशाचं कारण सोडून बाकी सगळं बोलताय. मी वीजदर ठरवण्याच्या कागदांवर काम केलंय, म्हणून सांगतो.

पारेषण ही मक्तेदारी असते. दोन कंपन्या शेजारी-शेजारी टॉवर उभारून स्पर्धा करणार नाहीत. म्हणून नियामक दर ठरवतो. सर्वसाधारण पद्धत अशी की कंपनीने जेवढं भांडवल गुंतवलं त्यावर ठरावीक टक्के परतावा, आणि देखभालीचा खर्च जेवढ्यास तेवढा. आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. नव्या लाईनवर पुढची कित्येक वर्षं परतावा. क्लॅम्प बदलला तर परतावा शून्य, उलट खर्च जास्त का झाला म्हणून खुलासा मागतात. हार्वे ॲव्हर्च आणि लेलँड जॉन्सन यांनी १९६२ मध्येच मांडून ठेवलंय की अशा नियमाखालची कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याकडे झुकते. तेव्हा टॉवरवासी, तुम्हाला चार तास मिळत नाहीत त्याचं मूळ नियंत्रण कक्षात नाही, दरपत्रकात आहे.

ब्रिटनने २०१३ पासून भांडवली आणि चालू खर्च एकत्र धरून त्यावर हिशोब करायला सुरुवात केली. काम नव्या लोखंडाने झालं की जुनं सांभाळून झालं, यात कंपनीला फारसा फरक पडू नये हा हेतू. आणि तरी नॉर्थ हाइड तिथेच झालं, हे तेलकट यांच्या आधी मीच सांगून टाकतो.

—

टॉवरवासी

हिशोबनीस, हे मला नवीन आहे आणि पटतंय. २६ वर्षं मी कंट्रोल रूमवाल्यांना शिव्या घालत होतो.

—

मूसवाली

थोडा वेगळा सूर. सगळेच ‘सांभाळा, सांभाळा’ म्हणताय, पण जुन्या लाईनमधून जास्त वीज काढायचे खूप चांगले मार्ग आलेत, ते कुणीच बोललं नाही.

नेहमीची तार म्हणजे आत पोलादाचा गाभा, भोवती ॲल्युमिनियम. (अवांतर: या तारांना ब्रिटिश पद्धतीत प्राण्यांची नावं आहेत. ४०० केव्हीला मूस, २२० ला झीब्रा, १३२ ला पँथर. अमेरिकन लोकांनी पक्षी घेतले, ड्रेक, कार्डिनल वगैरे. स्टोअरमध्ये “दोन किलोमीटर झीब्रा शिल्लक आहे” असं ऐकून नवीन पोरं दचकतात.) ही तार ७५-८५ अंशांपर्यंत चालवायची, पुढे झोळ वाढतो. त्याऐवजी कार्बन तंतूंचा किंवा इन्व्हारचा (तापून फारसा न वाढणाऱ्या मिश्रधातूचा) गाभा असलेली तार ओढली तर ती १५० अंशांच्याही पुढे चालते आणि झोळ तेवढा वाढत नाही. टॉवर तेच, जमीन तीच, करंट जवळजवळ दुप्पट. नव्या मार्गासाठी जमीन मिळवण्यात जी वर्षं जातात ती वाचतात.

दुसरं, लाईनची क्षमता वर्षभर एकच आकडा धरण्याचा हट्ट सोडायचा. तो आकडा कडक ऊन आणि जेमतेम वारा गृहीत धरून काढलेला असतो. वारा सुटला की तार थंड होते आणि जास्त करंट सुखाने नेते. आणि पवनचक्क्या कधी जास्त वीज देतात? वारा सुटला कीच! अमेरिकेत नियामकाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये आदेश काढून निदान हवेच्या तापमानाप्रमाणे क्षमता बदलायला लावली.

मी स्वतः तार बदलण्याच्या कामावर होते. पाच महिने राबून लाईन तयार झाली, चार्ज केली, आणि भार पहिल्याइतकाच. का, तर सबस्टेशनमधला करंट ट्रान्सफॉर्मर (करंट मोजणारा) आणि वेव्ह ट्रॅप (तारेवरचे संदेश सबस्टेशनात शिरू न देणारी गुंडाळी) जुन्याच क्षमतेचे. कागदावर दुप्पट, प्रत्यक्षात जैसे थे. ते बदलायला परत शटडाऊन, परत तेच वाक्य, धाग्याच्या शीर्षकातलं.

—

शंकेखोर

पण करंट दुप्पट म्हणजे गळती चौपट ना? धागाकर्त्यानेच सांगितलं वर.

—

मूसवाली

हो, अगदी बरोबर. म्हणून ही तार रोज चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालवायला नाही. गर्दीच्या तासांना, किंवा शेजारचं सर्किट देखभालीला बंद असताना हिने भार उचलावा, तिथे तिचा खरा उपयोग. टॉवरवासींना चार तास मिळवून देणारी तार म्हणा हवं तर.

—

दूरवरचा

नव्या लाईन नकोतच असा सूर लागतोय, तो चूक आहे. ऊन आणि वारा जिथे आहे तिथे माणसं नाहीत. हजारो किलोमीटरवरून वीज आणायची तर हाय व्होल्टेज डीसीला (मोठ्या दाबाच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला) पर्याय नाही. १९५४ मध्ये स्वीडनच्या गॉटलँड बेटाला २० मेगावॉटने सुरुवात झाली, आज चीनमध्ये ±११०० केव्हीची लाईन ३००० किलोमीटरहून लांब १२,००० मेगावॉट नेते. क्लॅम्प आवळून हे होणार नाही.

—

टॉवरवासी

मान्य. पण त्या लाईनलाही क्लॅम्प असतातच.

आणि दुर्लक्ष किती साध्या वस्तूपासून सुरू होतं बघा. ८ नोव्हेंबर २०१८, कॅलिफोर्निया. सुमारे शंभर वर्षं जुन्या टॉवरवर इन्सुलेटर ज्यात अडकवतात तो लोखंडी आकडा. वाऱ्याने इन्सुलेटर झुलतो, आकडा रोज कणभर झिजतो. तो तुटला, चालू तार टॉवरवर आपटली, वितळलेला धातू कोरड्या गवतात पडला. वणव्यात ८५ माणसं गेली. त्या उंचीवर चढून आकड्याची जाडी मोजणारा माणूस पाठवला असता तर दिसलं असतं. खालून दुर्बिणीने ती झीज दिसत नाही. आता ड्रोन आलेत, ते अगदी जवळून फोटो काढतात. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत आमच्या कामात आलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

—

झोन३

एक राहिलंच. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल बंद पडले ते दाब उतरून नाही, दाब चढून. दाब वाढला, केंद्रं स्वतःला वाचवायला बाजूला झाली, त्यामुळे दाब आणखी वाढला, काही सेकंदांत सगळं संपलं. आमच्या पिढीने आयुष्यभर कमी दाबाची भीती बाळगली. हलका भार, भरपूर सौर, आणि रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण दाब वरखाली करणारी वीज) शोषायला पुरेसं कुणी नाही, हे दुखणं नवं आहे. यावर वेगळा धागा काढतो.

—

रानवारा

काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि काका, तो पक्ष्याचा प्रश्न मीच विचारला होता हं मागच्या धाग्यावर. अजून उत्तर मिळालेलं नाही.

—

टॉवरवासी

अरेच्चा, माफ करा. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात, म्हणून त्याच्यातून करंट जायला कारणच नसतं. आमची काही माणसंही तसंच काम करतात. अंगभर धातूचे धागे विणलेला सूट घालून, इन्सुलेटेड शिडीवरून थेट चालू ४०० केव्हीच्या तारेला हात लावतात. आधी सुटाला जोडलेल्या कांडीने तारेशी संपर्क करायचा, तडतड आवाज येतो, ठिणगी दिसते, मग माणूस त्या तारेच्याच दाबाचा होतो. त्याला शटडाऊन लागत नाही. पण प्रत्येक काम तसं होत नाही, आणि अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बाकीच्यांना उत्तरं परवा देतो. आत्ताच फोन आला, उद्या रात्री १ ते ५ लाईन मिळालीय. सहा महिन्यांपासून मागत होतो. इन्सुलेटरच्या २३ चकत्यांची माळ उतरवायची आहे, तीत दोन फुटक्या.